कापूस, मिल आणि ताज : आईबाबांसोबत मुंबईला

आईबाबांच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षं झाली. आम्ही भावंडांनी पैसे जमवले आणि दोघांना मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात राहायला न्यायचं ठरवलं. भावाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सोबत मी गेले. "त्यापरीस काशी करून आणायची होती," असं गावात बऱ्याच जणांनी म्हटलं. पण बाबांच्या मनात ताजच होतं, आणि त्याचं कारण नागपुरात आहे.

बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये सूतकताईच्या खात्यात कामाला होते. बाबा शाळकरी असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या खोलीवर जाऊन राहायचे. मिलचा भोंगा झाला की पाळी बदलायची आणि अंगावरचा कापूस झटकत मोठेबाबा घरी यायचे. ते सांगत, ज्या टाटाशेठनं ही मिल काढली त्यानंच मुंबईत समुद्राच्या काठाला राजवाडा बांधावा तसं हॉटेल बांधलं. मोठेबाबांना ते पाहायला मिळालं नाही. ते गेले, मिल बंद पडली, तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. बाबांनी मात्र ती गोष्ट धरून ठेवली होती.

जमशेटजी टाटांनी ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना हा माणूस नागपुरात आला तो आपल्या कापसासाठी. कापूस हाताशी, रेल्वे आलेली, वरोऱ्याचा कोळसा जवळ. जुम्मा तलावापाशी दलदलीच्या जागेत भर टाकायचं काम निघालं तेव्हा एका सावकारानं पैसा द्यायला साफ नकार दिला, हा तर सोनं जमिनीत गाडतोय म्हणाला. मिल जोरात चालल्यावर त्याच सावकारानं शब्द फिरवला : या माणसानं जमिनीत माती टाकली आणि सोनं काढलं. ताज त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी उभं राहिलं. आमच्या घरात ताज हे परक्यांचं हॉटेल कधीच नव्हतं ते यामुळे.

गुरुवार : दारव्हा, बडनेरा आणि रात्रीची गाडी

ऑगस्टचा पहिला पंधरवडा मुद्दाम धरला होता. निंदण, डवरणी आटोपलेली, कपाशी पात्यांवर आलेली, पोळ्याला अवकाश. शेतकऱ्याला घर सोडायला यापेक्षा बरी वेळ मिळत नाही. दुसरं म्हणजे पावसाळ्यात या हॉटेलचं भाडं उतरतं. डिसेंबर-जानेवारीत तीच खोली कितीतरी महाग पडते. बाबांची अट एकच : शेजारच्या काकांनी रोज सकाळ-संध्याकाळ वावरात चक्कर मारायची आणि फोन करायचा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्ह्याहून नेर मार्गे बडनेऱ्याला एसटीनं गेलो. शकुंतला चालू असती तर मूर्तिजापूरला जाऊन गाडी धरली असती. ती अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडचा कापूस वाहून न्यायलाच टाकलेली होती, आता बंद आहे. एसटी दारव्हा मोतीबाग स्टेशनच्या अंगानं निघाली तेव्हा बाबांनी रुळांत वाढलेलं गवत पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

आपल्या भागातून मुंबईला जायला विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती-मुंबई गाडी सोयीची. रात्री बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं. शिदोरी घरची घ्या. आईनं दुधात भिजवलेल्या दशम्या, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि जवसाची चटणी बांधली होती. समोरच्या बाकावर चाळीसगावला जाणारं एक कुटुंब होतं. ठेच्याचा वास गेल्यावर त्यांच्या म्हाताऱ्या आजीनं सरळ हात पुढे केला. मग त्यांच्याकडचे शेंगदाण्याचे लाडू इकडे आले. शेगावला गाडी थांबली तेव्हा दोघी खिडकीतून गजानन महाराजांना हात जोडून बसल्या होत्या.

शुक्रवार : घाट, स्टेशन आणि दार

पहाटे इगतपुरी सोडली आणि कसारा घाट लागला. आपल्याकडे पाऊस येतो तो ढग दाखवून, गडगडून, आणि उघडीप देऊन जातो. इथे पाऊस म्हणजे सगळीकडे भरून राहिलेला. डोंगराच्या प्रत्येक घडीतून पांढरं पाणी खाली येत होतं, बोगद्यातून बाहेर पडलं की खिडकीवर तुषार. आईनं हात बाहेर काढून ओंजळ भरायचा प्रयत्न केला. "एवढं पाणी आपल्या अडाणला आलं असतं तर," बाबा म्हणाले. अडाण नदी दारव्ह्याकडचीच, तिच्या पाण्याचा हिशोब त्यांना तोंडपाठ असतो.

सीएसएमटीला उतरून वेटिंग रूममध्ये आंघोळी केल्या. बाहेर स्टेशनसमोर 'आराम' नावाच्या उपाहारगृहात वडापाव खाल्ला. वडा गरम, लसणाची चटणी कोरडी आणि चांगली झणझणीत. मग टॅक्सी करून अपोलो बंदर, ताज तिथेच आहे.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. गाडी सकाळी पोचते आणि हॉटेलात खोली मिळायची वेळ दुपारी दोनची. म्हणून दिवसभर कुठे बसायचं याची चिंता करू नका. सामान त्यांच्याकडे ठेवता येतं आणि खोली रिकामी असेल तर लवकरही देतात. आम्हाला अकराच्या सुमाराला मिळाली. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र हवं. भाड्याशिवाय काही रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात, ती नंतर सुटते. दारात विमानतळासारखी तपासणी आहे. आमच्या दोन सुटकेस, एक नायलॉनची पिशवी आणि स्टीलचा डबा मशीनमधून गेला. पलीकडे उभ्या असलेल्या माणसानं डबा दोन्ही हातांनी उचलून आईच्या हाती दिला आणि "या, आजी" म्हणाला. पांढऱ्या पोशाखातल्या, फेटा बांधलेल्या दरवानानं बाबांना वाकून नमस्कार केला. बाबा पांढरं धोतर, टोपी आणि नवीन उपरण्यात होते. त्यांनीही थांबून, हात जोडून, पूर्ण नमस्कार केला. मागच्या गाडीतून उतरलेली माणसं तोवर उभी राहिली.

ताजचे दोन भाग आहेत : १९०३ चा जुना पॅलेस आणि शेजारचा १९७३ चा उंच टॉवर. टॉवर स्वस्त पडतो. पण एवढ्या लांब येऊन राहायचंच, तर पॅलेसमध्ये राहा असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे कमी पडत असतील तर एक रात्र कमी करा. आम्ही समुद्राकडची खोली घेतली आणि माझ्यासाठी जादा पलंग मागितला.

खोलीत शिरल्यावर आई थेट खिडकीशी गेली. समोर गेटवे ऑफ इंडिया, त्याच्या पलीकडे राखाडी समुद्र, बांधून ठेवलेल्या बोटी डुलताहेत. ती खुर्ची ओढून तिथे बसली ती जेवायच्या वेळेपर्यंत. बाबा पलंगाजवळ गेले. आधी उभ्यानंच चादरीचा काठ अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळला, मग उजेडाकडे धरून पाहिला. "लांब धाग्याचा माल हाय," म्हणाले. थोड्या वेळानं न्हाणीघरात ठेवलेली छोटी पेटी त्यांना सापडली, तिच्यात कापसाचे बोळे होते. जिनिंगवर ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस, करतो तसं त्यांनी एक बोळा दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, अर्धा टाकला, उरलेला पुन्हा ओढला, धागे एकावर एक लावत गेले. शेवटी चिमटीत सरळ धाग्यांचा बारीक झुपका राहिला. तो माझ्या काळ्या पर्सवर ठेवला आणि नखानं लांबी पाहिली.

"हा आखूड हाय. देशी असंल. औषधाच्या कापसाले हाच लागते, पाणी लवकर पेते. चादरीचा माल येगळा."

आपल्याकडचा संकरित कापूस साधारण २८ ते ३० मिलिमीटरचा, म्हणजे व्यापाऱ्याच्या भाषेत लांब धाग्याचा. बाबांच्या मते चादरीचा धागा त्याहूनही लांब असावा. इतक्या वर्षांत कापूस विकला तो क्विंटलनं, गाडी रिकामी करून. तो कापड होऊन, धुऊन, इस्त्री होऊन अंथरलेला आपल्या बोटांनी तपासायला मिळणं ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट होती. बराच वेळ ते पलंगावर हात ठेवून बसले होते.

दुपारी खोलीत टॉवेल घेऊन एक मुलगा आला. बाबा फोनवर काकांशी बोलत होते, "हाव, कपाशीच्या तासात पाणी साचलं असंल तर चर काढून दे." मुलगा दारातच थांबला. "काका, तुम्ही आपल्या इकडचे व्हय का?" तो हिंगणघाटचा निघाला. मग पाऊस कसा आहे, सोयाबीन पिवळं पडलं का, बोंडअळीचे सापळे लावले का, अशी सगळी चौकशी झाली. त्यानंतर आमच्या मजल्यावर आम्ही कोण आहोत हे सगळ्यांना माहीत झालं.

शुक्रवार संध्याकाळ : जिना

हॉटेलात राहणाऱ्यांसाठी संध्याकाळी इमारत दाखवायला नेतात. आमच्या गटात एक इंग्रज जोडपं होतं, सुरतचं एक कुटुंब आणि आम्ही. दाखवणारी मुलगी तरुण, बोलणं स्वच्छ, आमच्यासाठी मधूनमधून मराठीतही सांगत होती.

इमारतीचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम चालू असतानाच गेले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदानं काम पुरं केलं. या हॉटेलच्या मुळाशी एक मराठी नाव आहे हे मला पहिल्यांदा कळलं. मधल्या घुमटाखालचा जिना सोराबजी रतनजी या कंत्राटदाराचा. खालून वर पाहिलं की मजल्यामागून मजला, लोखंडी कठड्यांचे गोल आणि टोकाला घुमटाचा उजेड. पायऱ्यांना मधे कुठे खांबाचा आधार दिसत नाही. आई कठड्याला हात न लावता मधून चढली, थांबली, पुन्हा खाली आली, आणि पुन्हा चढली.

उद्घाटन १६ डिसेंबर १९०३ चं. गेटवे तेव्हा नव्हताच, तो १९२४ मध्ये झाला. म्हणजे वीस वर्षं बोटीनं मुंबईला येणाऱ्या माणसाला आधी ताज दिसायचं. जमशेटजींना यातलं फार काही पाहायला मिळालं नाही, मे १९०४ मध्ये ते जर्मनीत वारले. त्यांना एका गोऱ्या लोकांच्या हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी हे बांधलं, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. तिला पक्का पुरावा नाही असं अभ्यासक म्हणतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, शहर ओस पडलं, लोक हबकले. अशा शहरात त्यांनी स्वतःच्या पैशानं एवढं मोठं काम काढलं. मला हे कारण जास्त पटतं.

जिन्यापाशी जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. तिथे सगळे थांबले. बाबांनी टोपी नीट केली, पुढे होऊन पुतळ्याला नमस्कार केला आणि मागे वळून त्या मुलीला विचारलं, "नागपूरच्या मिलचं नाही सांगत काय तुम्ही?" ती म्हणाली, "तुम्ही सांगा ना." बाबा बोलायला लागले. मी इंग्रज जोडप्यासाठी जमेल तसं इंग्रजीत सांगत होते. जुम्मा तलाव, भोंगा, मोठेबाबा, रिंगवर, म्हणजे सूतकताईच्या यंत्रावर, धागा तुटला की दोन बोटांत कसा जोडायचा, ते हातानं करून दाखवलं. कामगारांसाठी या माणसानं १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. "कायदा नव्हता तवा," हे वाक्य बाबांनी दोनदा म्हटलं. नंतर म्हणाले, "मिलले कापूस लागे तो आमच्या वऱ्हाडातून, वर्ध्याकडून जाय. मिलनं पैसा केला. म्हणून म्या म्हणतो, या हॉटेलात आमच्या काळ्या मातीचं बी काही हाय."

सुरतच्या कुटुंबातले आजोबा पुढे आले, त्यांचा धंदा कापडाचाच. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. त्या मुलीनं वही काढून सगळं लिहून घेतलं, साल पुन्हा विचारून घेतलं. मी आजवर बाबांना ग्रामसभेत बोलताना ऐकलंय, लग्नात ऐकलंय. इतकं शांत आणि भरून बोलताना त्या जिन्यापाशी ऐकलं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात इथे ३१ माणसं गेली. त्यांच्या नावांचं स्मारक हॉटेलात आहे. पाहुण्यांना मागच्या वाटांनी बाहेर काढता काढता स्वतः मागे राहिलेले कामगार त्यात आहेत, स्वयंपाकघरातले, जेवणघरातले. जळालेला पॅलेस दुरुस्त करून १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडला. आईला नावं वाचून दाखवायला लावली, मी सगळी वाचली. तिनं प्रत्येक नावाला मान हलवली.

रात्री खोलीतच खिचडी-कढी मागवली. तूप सढळ, कढी आपल्यापेक्षा गोडसर. आईनं डब्यातला ठेचा काढला आणि जेवण जमलं.

शनिवार : कॉटन ग्रीन आणि सी लाउंज

सकाळचा नाश्ता भाड्यातच घेतलेला असावा, बुकिंग करताना तसा दर निवडा. वेगळे पैसे द्यायचे झाले तर फार जातात. डोसे, इडल्या, परदेशी पाव, फळं, काय नव्हतं! कांदेपोहेही होते, मऊ, लिंबू पिळलेले. बाबांना तर्री हवी होती. वाढणाऱ्यानं "तर्री म्हणजे काय" असं मनापासून विचारलं आणि आईनं त्याला हरभरे भिजवण्यापासून कृती सांगितली. तो म्हणाला, शेफना सांगतो. आमच्या नागपुरी पोह्यांना तिथे जागा मिळायला हवी, हे मीही त्यांच्या अभिप्रायाच्या कागदावर लिहून आले.

पावसाचा जोर जरा कमी झाल्यावर बाबा म्हणाले, कापसाचा बाजार पाहू. मुंबईत कापूस आधी आताच्या हॉर्निमन सर्कलच्या मैदानात पडायचा, मग कुलाब्याला, म्हणजे ताजच्या जवळपासच, आणि १९२० च्या दशकात शिवडीकडे हलला. तिथलं स्टेशन आजही कॉटन ग्रीन. सीएसएमटीहून हार्बर लाइननं मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड आणि मग कॉटन ग्रीन. शनिवारी सकाळी उलट्या दिशेला गर्दी नसते, म्हाताऱ्या माणसांना घेऊन आरामात जाता येतं.

स्टेशनबाहेर जुनी गोदामं आणि हिरवट रंगाची कॉटन एक्सचेंजची मोठी इमारत. सौद्यांचा गलबला आता नाही. एका गोदामाच्या पडवीत दोन हमाल पाऊस थांबायची वाट पाहत बसले होते, एक साताऱ्याकडचा, दुसरा आझमगढचा. साताऱ्याचे काका म्हणाले, त्यांच्या वडिलांनी इथे कापसाच्या गठाणी वाहिल्या, त्यांच्यावर खामगाव, अकोला, यवतमाळ अशी नावं रंगवलेली असायची. आपल्या जिल्ह्याचं नाव परक्या माणसाच्या तोंडून असं आलं, बाबा त्यांच्याशेजारी बसलेच. चहा आला. गठाण किती किलोची, आकडा कसा लावायचा, पाठीवर कशी घ्यायची, पाऊण तास चाललं. १७० किलोची गठाण हे बाबांना माहीतच होतं, पण ती उचलणाऱ्या माणसाशी त्यांचं बोलणं पहिल्यांदाच होत होतं. मुंबई पाहायला आलेले इथे कशाला येतील, पण कापूस पिकवणाऱ्या माणसानं एकदा यावं.

दुपारी सी लाउंज, ताजमधलीच चहा-खाण्याची जागा. पहिल्या मजल्यावर, समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्या. जागा आधी सांगून ठेवावी लागते, आणि खिडकीचं टेबल हवं असं स्पष्ट सांगा. शेवपुरी आणि भेळ मागवली. बाहेरच्या गाडीपेक्षा कितीतरी पट महाग, पण खिडकीबाहेर पाऊस समुद्रावर पडताना दिसतो, कोणी उठा म्हणत नाही, आणि पियानो वाजत असतो. आईला भेळेतली चिंचेची चटणी फार आवडली.

शेजारच्या टेबलावर एक पारशी आजी एकट्याच कॉफी पीत होत्या. गुडघ्यापर्यंतचा फुलांचा झगा, मोत्यांची माळ. आईच्या नऊवारीकडे पाहून त्यांनीच बोलणं काढलं, मुंबईच्या हिंदीत, मधे गुजराती. पारशी घरांत मुलगा-मुलगी पाहायचे कार्यक्रम इथे होत असत, असं त्यांनी सांगितलं. आईनं विचारलं, "तुमचंबी इथंच जमलं काय?" त्या हसल्या आणि दोन टेबलं पलीकडे बोट दाखवलं. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली, तरी पावसाळ्यात एकदा येते म्हणाल्या. आमचं पन्नासावं वर्ष कळल्यावर त्या उठल्या, बाबांशी हात मिळवला, आईला जवळ घेतलं. दोघींना एकमेकींची निम्मी वाक्यं कळत नव्हती. लेकीसुना, गुडघेदुखी, पावसातलं वाळवण, सगळं तरी बोलून झालं.

खोलीत परतलो तर टेबलावर छोटा केक, मोगऱ्याची फुलं आणि हातानं लिहिलेलं कार्ड. मराठीत, वळणदार अक्षरात, "आजी-आजोबांना पन्नासाव्या लग्नवाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा". खाली त्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या. बुकिंग करताना मी कारण लिहिलं होतं, एवढंच. आई कार्ड उलटसुलट करून पाहत राहिली. मग हिंगणघाटच्या पोराला बोलावून तिनं उरलेल्या दशम्या, ठेचा आणि जवसाची चटणी डब्यासकट त्याच्या हवाली केली. "डबा राहू दे तुझ्यापाशी बाबू." त्यानं वाकून दोघांच्या पाया पडल्या.

रविवार : निरोप

सकाळी पाऊस थांबला होता. आम्ही तिघं गेटवेपर्यंत चालत गेलो. घारापुरीच्या बोटी समुद्र खवळलेला असल्यानं बंद होत्या. पावसाळ्यात लेणी पाहायचा बेत पक्का धरू नका. खोली बाराला सोडायची असते. रात्रीच्या गाडीपर्यंत सामान ते सांभाळतात. मधल्या वेळात चालत दहा मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, आम्ही तिथेच होतो.

निघताना दरवान, सामान उचलणारे, जिना दाखवणारी मुलगी, सगळे दारात आले होते. ती मुलगी बाबांना म्हणाली, काल संध्याकाळच्या गटाला तिनं नागपूरच्या मिलचं सांगितलं. बाबांनी विचारलं, "पेन्शनचं सांगतलं?" ती म्हणाली, "सांगितलं काका. १८८६."

सोमवार : परत

बडनेऱ्याला उतरून एसटी धरली. दुपारी घरी, आणि चहा घेऊन बाबा लगेच वावरात. खालच्या बांधाशी पाणी साचलं होतं, काकांनी चर काढला होता, कपाशी थोडी पिवळी होती पण उभी होती.

संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. भाडं किती, हा पहिला प्रश्न. बाबांनी लपवलं नाही. समुद्राकडच्या खोलीचा एका रात्रीचा दर, वर १८ टक्के जीएसटी, असं मिळून आपल्या तीन-चार क्विंटल कापसाचे पैसे होतात. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव, क्विंटलला ८११० रुपये, धरून. कोणी म्हणालं, लय झालं. बाबा म्हणाले, "झालं. पण पोरांनी खुशीनं केलं, आन् मी मोठेदादाच्या वाटचंबी पाहून आलो."

आणि ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी : पावसाळ्यात जा, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा, पॅलेसमध्ये राहा, आणि पोचल्या पोचल्या संध्याकाळच्या फेरीसाठी नावं देऊन ठेवा.